पासवर्ड बरोबरच होता

लिनक्सच्या डेस्कटॉपवर अधूनमधून एक छोटी चौकट उघडते आणि पासवर्ड मागते. माझं म्हणणं आहे की ही चौकट बऱ्याचदा खोटं बोलते. ती खोटं बोलते तेव्हा आम्ही लिनक्सवाले, म्हणजे गावोगावच्या जुन्या मशीनवर हौसेनं लिनक्स टाकून देणारे लोक, तिचीच बाजू घेतो. समोर खुर्चीत बसलेल्या माणसाची घेत नाही. हे मी बाहेरून दगड मारत म्हणत नाहीये. मी स्वतः वर्षानुवर्षं लोकांना विचारत आलोय, "पासवर्ड नीट टाकलास ना?" आता तो प्रश्न आठवला की लाज वाटते.

झालं असं. तालुक्याच्या गावातल्या एका अभ्यासिकेला कुणीतरी चार जुने डेस्कटॉप देऊन टाकले. नवीन विंडोज त्यांना झेपत नव्हतं. मी एका रविवारी गेलो, चारही मशीनवर लिनक्स मिंट टाकलं, प्रत्येकाला मागच्या बाजूनं वायफायचा यूएसबी डोंगल लावला आणि मुलांसाठी एक साधं खातं उघडलं. वायफायचा पासवर्ड भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर मार्करनं लिहिलेला होताच, कारण तिथं येणारी पोरं आपापले फोनही त्यावरच जोडतात. तोच पासवर्ड मी मशीनमध्ये टाकला. तो कसा साठवायचा असं सेटिंग्जमध्ये विचारतात, तिथं 'फक्त या वापरकर्त्यासाठी' निवडलं. जास्त सुरक्षित वाटलं. सगळं चालतंय हे पाहिलं आणि निघता निघता ऑटो-लॉगिन चालू केलं, पोरांना रोज लॉगिनचा पासवर्ड सांगत बसायला नको म्हणून.

घोळ झाला तो या शेवटच्या टिचकीत. पण तो मला दीड महिना कळला नाही, कारण अभ्यासिका सांभाळणारे काका रोज सकाळी कुलूप उघडायचे, झाडू मारायचे, चारही मशीन चालू करायचे आणि चारही मशीनवर उघडणाऱ्या चौकटीत मी त्यांना दिलेला खात्याचा पासवर्ड टाकायचे. त्यांना वाटलं कंप्युटर असाच चालू होतो. त्यांनी तक्रार केली नाही. गॅस पेटवायला लायटर लागतो म्हणून कोण तक्रार करतं?

मग काका पुतणीच्या लग्नाला दोन दिवस गावाला गेले. नेमका त्यातला एक दिवस कुठल्याशा भरतीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. किल्ली एका मुलाकडे होती, मशीन त्यानं चालू केली. एक मुलगी अर्ज भरायला बसली. चौकट उघडली, पासवर्ड मागितला. तिनं फळ्याकडे बघून पासवर्ड टाकला. चौकट पुन्हा उघडली. तिनं एकेक अक्षर बोटानं दाबत पुन्हा टाकला. पुन्हा तेच. तिनं मशीन बदललं. तिथंही तेच. शेवटी तिनं फोनवरून अर्ज भरायला घेतला. फोटो आणि सही ठरलेल्या केबीत बसेना, तेव्हा एसटी स्टँडजवळच्या दुकानात जाऊन, पैसे मोजून, संध्याकाळी उशिरा तो एकदाचा पाठवला.

पुढच्या आठवड्यात मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दादा, माझंच काहीतरी चुकलं असेल. मला कंप्युटरचं एवढं येत नाही."

तिचं काहीही चुकलं नव्हतं. फळ्यावरचा पासवर्ड बरोबर होता, तिनं तो बरोबर टाकला होता. चौकट मुळात तो पासवर्ड मागतच नव्हती.

तुमच्यापैकी बरेच जण हे फोनवर वाचत असाल. फोनमध्ये वायफायचा पासवर्ड एकदा टाकला की तुम्ही तो विसरता. तो कुठं राहतो याची पंचाईत तुम्हाला करावी लागत नाही, आणि ते योग्यच आहे. अँड्रॉइड १० पासून तर क्यूआर कोड दाखवला की शेजारचाही जोडला जातो. लिनक्सच्या डेस्कटॉपवर मात्र साठवलेला पासवर्ड दोन निरनिराळ्या ठिकाणी असू शकतो, आणि बहुतेक लोकांना कुणीही हे कधी सांगितलेलं नसतं.

वायफायचा कारभार नेटवर्कमॅनेजर नावाचा प्रोग्रॅम बघतो. रेड हॅटनं तो २००४ मध्ये सुरू केला, आणि आज उबंटू, मिंट, फेडोरा या सगळ्यांत तोच आहे. प्रत्येक नेटवर्कची तो एक छोटी फाइल ठेवतो. तुम्ही 'सगळ्या वापरकर्त्यांसाठी' म्हणालात, तर पासवर्ड त्या फाइलमध्येच साध्या अक्षरांत लिहिला जातो. फाइल फक्त मशीनच्या मुख्य प्रशासकाला उघडता येते. मशीन सुरू झालं की कुणी लॉगिन करायच्या आधीच वायफाय जोडलं जातं. 'फक्त या वापरकर्त्यासाठी' म्हणालात, तर त्या फाइलमध्ये पासवर्डच्या जागी फक्त १ हा आकडा पडतो. त्याचा अर्थ, पासवर्ड माझ्याकडे नाही, वापरकर्त्याच्या तिजोरीत आहे, तिला विचारा. या तिजोरीला नोम आणि मिंटमध्ये कीरिंग म्हणतात, केडीईमध्ये वॉलेट. २ असेल तर पासवर्ड कुठंच ठेवायचा नाही, दर वेळी विचारायचा.

कीरिंग कुलूपबंद असते, आणि तिची किल्ली म्हणजे तुमचा लॉगिन पासवर्ड. तुम्ही लॉगिन करताना जो पासवर्ड टाकता तोच गुपचूप पुढे कीरिंगला दिला जातो आणि ती उघडते. म्हणून एरवी ती तुम्हाला दिसत नाही. आता ऑटो-लॉगिन लावलं तर? कुणी पासवर्ड टाकलाच नाही, तर पुढे देणार काय? कीरिंग बंद राहते. वायफायला पासवर्ड हवा असतो, तो बंद तिजोरीत असतो, म्हणून मशीन चौकट उघडतं आणि तिजोरीची किल्ली मागतं. बोटाच्या ठशानं लॉगिन केलं तरी हेच होतं. ऑफिसात कुणी प्रशासकाच्या अधिकारानं तुमचा लॉगिन पासवर्ड बदलून दिला तरी हेच: खात्याला नवा पासवर्ड, तिजोरीला जुनाच.

चौकटीवर इंग्रजीत लिहिलेलं होतं की लॉगिन कीरिंग उघडलेली नाही, म्हणून. मान्य. पण कीरिंग म्हणजे काय हे त्या मुलीला कुठल्या इयत्तेत शिकवलं होतं? तिनं चौकटीत वाचला तो ओळखीचा एकच शब्द, पासवर्ड. भिंतीवर एक पासवर्ड लिहिलेला होता. जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं तोच टाकला असता. दोन वेगळ्या कुलपांना एकाच नावानं हाक मारायची आणि चुकीची किल्ली लावली म्हणून माणसाला पुन्हा पुन्हा दारातून परत पाठवायचं, याला मी तरी सुरक्षा म्हणणार नाही.

इथवर कुणी म्हणेल, ही तुझी चूक होती, तू ऑटो-लॉगिन लावलंस. बरोबर आहे, माझीच चूक. पण ते सेटिंग बदलताना मशीन मला म्हणालं नाही की बाबा रे, तुझा वायफायचा पासवर्ड तिजोरीत आहे, आता ती उघडायला कुणी नसेल. दोन्ही गोष्टी त्याला ठाऊक होत्या. दोन्ही सेटिंग्ज मी एकाच तासात, त्याच मशीनवर केली होती.

आता दुसरी चौकट. ही मात्र खरोखर वायफायचाच पासवर्ड मागते. वायफाय जोडलं जात नाही, आणि मशीन म्हणतं, पासवर्ड द्या. तुम्ही देता. पुन्हा मागतं. इथं मला तुम्हाला जरा आतल्या खोलीत न्यावं लागेल, कारण खोटं नेमकं तिथं तयार होतं.

तुमचा वायफायचा पासवर्ड हवेतून कधीच जात नाही. घरोघरी जी डब्ल्यूपीए-२ पद्धत असते, तिच्यात तुमचा पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून ४०९६ वेळा घुसळलं जातं आणि त्यातून २५६ बिटांची एक किल्ली निघते. राउटरकडेही अशीच काढलेली किल्ली असते. मग दोघं एकमेकांना चार निरोप पाठवतात. किल्ली न दाखवता ती आपल्याकडे आहे एवढंच सिद्ध करायचं, असा तो प्रकार. पहिला निरोप राउटरचा. दुसरा तुमच्या मशीनचा, किल्ली वापरून शिक्का मारलेला. शिक्का जुळला नाही तर राउटर काय करतो? काही नाही. तो निरोप टाकून देतो आणि गप्प बसतो. थोडं थांबून पहिला निरोप पुन्हा पाठवतो. असं काही वेळा झालं की जोडणी तोडतो, आणि कारण म्हणून एक आकडा कळवतो: १५. या आकड्याचा अर्थ 'पासवर्ड चुकला' असा नाही. त्याचा अर्थ आहे 'वेळ संपली'.

मधल्या भिंतीमुळे तुमच्या मशीनचा निरोप राउटरपर्यंत पोचलाच नाही, तरी हेच घडतं. गप्प बसणं आणि १५. डोंगलचा ड्रायव्हर नीट नसेल, सिग्नल मरतुकडा असेल, शेजारच्या दहा राउटरांची एकाच चॅनेलवर गर्दी असेल, तरी शेवट हाच होऊ शकतो. म्हणजे तुमच्या मशीनला पासवर्ड चुकलाय की निरोप हरवलाय हे कळायला मार्ग नाही. खालच्या थरात डब्ल्यूपीए सप्लिकंट नावाचा प्रोग्रॅम असतो (तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच आहे), तो प्रामाणिक आहे. तो नोंदवहीत लिहितो की चार निरोपांची देवाणघेवाण फसली, किल्ली 'कदाचित' चुकीची असावी. इंग्रजीत तो 'मे बी' म्हणतो. स्पष्ट शब्दांत.

हा 'कदाचित' वर येता येता गळतो. सप्लिकंट नेटवर्कमॅनेजरला सांगतो, नेटवर्कमॅनेजर आपल्या नोंदीत लिहितो की जोडताना तुटलं, नवी किल्ली मागतोय. डेस्कटॉप ती मागणी उचलतो आणि चौकट उघडतो: पासवर्ड आवश्यक. तळाशी शंका होती, वर येईपर्यंत तो आरोप झाला. आरोपी कोण, तर खुर्चीत बसलेला माणूस. फोनवर 'ऑथेंटिकेशन प्रॉब्लेम' हे दोन शब्द तुम्ही कधी ना कधी पाहिले असतील. जातकुळी तीच, फक्त फोन निदान 'प्रॉब्लेम' म्हणतो, 'तुझा पासवर्ड' म्हणत नाही.

आता यावर आमच्या मंडळींचे उपाय बघा. पहिला आणि सर्वांत लाडका: नेटवर्क 'फर्गेट' करा आणि परत जोडा. हा उपाय चालतो, हीच अडचण आहे. का चालतो? कधी नव्यानं जोडताना पासवर्ड तिजोरीऐवजी सगळ्यांसाठीच्या फाइलमध्ये जातो. कधी तेवढ्या दोन मिनिटांत सिग्नल सुधारतो. कारण काहीही असो, माणसाच्या मनात एकच गोष्ट पक्की होते: आधी मी पासवर्ड चुकीचा टाकला होता. नारळ फोडला आणि गाडी सुरू झाली. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की तो नारळच आणणार, बॅटरीची वायर बघणार नाही.

दुसरा उपाय जास्त वाईट आहे. कीरिंगची चौकट त्रास देते ना? मग कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवा. हा सल्ला मीही दिलेला आहे, हसतहसत. रिकाम्या पासवर्डाची कीरिंग म्हणजे डिस्कवर उघडी पडलेली फाइल. आणि त्या तिजोरीत फक्त वायफायचा पासवर्ड नसतो. क्रोम ब्राउझर तुमचे साठवलेले पासवर्ड ज्या किल्लीनं बंद करतो ती किल्ली लिनक्सवर याच कीरिंगमध्ये असते. अभ्यासिकेतल्या सामायिक मशीनचा विचार करा. पोरं तिथं मेल उघडतात, ब्राउझर विचारतो 'सेव्ह करू?', घाईत 'हो' दाबलं जातं. म्हणजे जो पासवर्ड भिंतीवर मार्करनं लिहिलाय त्याची कटकट नको म्हणून आपण पन्नास पोरांच्या मेलची दारं सताड उघडी टाकायची. मशीन भंगारात गेलं आणि डिस्क कुणी काढून घेतली, तर वाचायला त्याला काही कष्ट पडणार नाहीत. याचा एक जुळा भाऊ आहे, कीरिंगची फाइलच उडवून टाका म्हणणारा. उडवली की क्रोमची ती किल्ली गेली, आणि तिच्याबरोबर त्यानं साठवलेले पासवर्डही वाचता येईनासे होतात. हे सल्ला देणारे सांगत नाहीत, कारण बहुतेकांना ते ठाऊक नसतं. मला नव्हतं.

तिसरा उपाय, खरं तर उपाय नव्हे, टोमणा: टर्मिनल उघड, जर्नल वाच, सगळं लिहिलेलं असतं. असतं, खरंच असतं. मीही शेवटी तिथंच वाचलं. पण अर्ज भरायला आलेल्या मुलीनं नोंदवहीच्या शेकडो ओळींतून 'मे बी' शोधायचं, ही अपेक्षा ठेवणाऱ्याला मदत करायचीच नाहीये. जी गोष्ट मशीनला आधीच माहीत आहे ती मशीननं सांगावी. माणसानं ती खणून काढली की आपण त्याला हुशार म्हणतो, आणि नाही काढली की त्याला 'कंप्युटरचं एवढं येत नाही'.

आपल्याकडे याला आणखी एक फाटा आहे, तोही सांगतो. अभ्यासिकेतली निम्मी पोरं लिपिक-टंकलेखकाच्या परीक्षेसाठी मराठी टायपिंगचा सराव करतात. कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर ठेवून उठतात. पुढचा येतो, पासवर्ड टाकतो. इन्स्क्रिप्टमध्ये 'के' दाबलं तर क उमटतो, पण 'एच' दाबलं तर प. चौकटीत मात्र सगळे सारखेच काळे ठिपके. मी असा एक मुलगा पाहिलाय ज्यानं बरोबर बटणं, बरोबर क्रमानं, सहा वेळा दाबली. ठिपक्यांच्या शेजारी डोळ्याचं चित्र असतं, ते दाबून अक्षरं बघता येतात, पण भिंतीवर लिहिलेला पासवर्ड लपवून टाकायची सवय आपण लोकांना इतकी लावलीय की ते चित्र कुणाच्या नजरेतच येत नाही.

सुरक्षेची बाजू घेणाऱ्यांचं एक म्हणणं मला मान्य आहे. 'सगळ्यांसाठी' साठवलेला पासवर्ड फाइलमध्ये साध्या अक्षरांत असतो, आणि केडीई तर त्या पर्यायासमोर 'एन्क्रिप्ट केलेला नाही' असं लिहूनच ठेवतो. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मला ते चालेल का? चालतं, कारण माझी पूर्ण डिस्कच एन्क्रिप्टेड आहे. लॅपटॉप चोरीला गेला तरी ती फाइल वाचता येत नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल आणि वायफाय ऑफिसचं असेल, प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड असणारं, तर तो तिजोरीतच हवा. पण तो निर्णय मशीन कुणाचं आणि पासवर्ड कुणापासून लपवायचाय यावर ठरतो. मी अभ्यासिकेत 'फक्त या वापरकर्त्यासाठी' निवडलं तेव्हा असला कसलाही विचार केला नव्हता. 'जास्त सुरक्षित' हे शब्द डोक्यात होते आणि त्यांच्यापुढे मान तुकवली. भिंतीवरचा पासवर्ड मी तिजोरीत ठेवला आणि तिजोरीची किल्ली लग्नाला गेली.

मला जे हवंय ते फार नाही. कीरिंगची चौकट उघडली तर तिच्यात ठळक लिहावं की हा वायफायचा पासवर्ड नाही, या खात्याचा लॉगिन पासवर्ड हवा आहे. खाली एक बटण असावं: वायफायचा पासवर्ड मला माहीत आहे, तो इथं टाकतो. जोडणी तुटली तर म्हणावं की राउटरनं उत्तर दिलं नाही; पासवर्ड चुकला असेल किंवा सिग्नल कमी असेल. कालपर्यंत याच पासवर्डानं जोडलं जात होतं, हेही सांगावं, कारण शेवटचं कधी जोडलं गेलं याची वेळ नेटवर्कमॅनेजर जपून ठेवतो. काल चाललेला पासवर्ड आज आपोआप चुकत नाही. फार तर कुणी राउटरवर बदलला असेल. ही सगळी माहिती मशीनकडे आहे. ती दाखवायला नवं संशोधन लागणार नाही. दोन वाक्यं लागतील, आणि ती मराठीतही लिहिता येतील. आमच्यासारख्या मंडळींनी थीमवर आणि वॉलपेपरवर जितके तास घातले, त्यातला एखादा रविवार पुरला असता.

तोवर निदान मदत करणाऱ्यांनी तरी पहिला प्रश्न बदलावा. "पासवर्ड नीट टाकलास ना?" याऐवजी "चौकटीवर काय लिहिलंय ते वाचून दाखव." मग "काल चालत होतं का?" मग "याच जागेवरून फोनला वायफाय मिळतंय का?" या तीन प्रश्नांत बहुतेक वेळा कळतं की कुलूप कुठलं आहे. यातल्या एकाही प्रश्नात माणसाला खाली बघावं लागत नाही.

त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. चार निरोपांची गोष्ट तिला आवडली. १५ चा अर्थ 'वेळ संपली' आहे हे ऐकून ती म्हणाली, "मग ते तसं का सांगत नाहीत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी चहा मागवला.

अभ्यासिकेतल्या मशीनवर आता वायफायचा पासवर्ड सगळ्यांसाठी साठवलाय. कीरिंगचा पासवर्ड तसाच ठेवलाय, आणि ब्राउझरचं 'सेव्ह करू?' विचारणं बंद केलंय. काका सकाळी फक्त बटण दाबतात. तीन मशीन चौकट दाखवत नाहीत. चौथं अजून आठवड्यातून एकदा पासवर्ड मागतं. ते राउटरपासून सगळ्यात लांब आहे, डोंगल पत्र्याच्या डब्यामागे, आणि मध्ये पुस्तकांचं लोखंडी कपाट. काकांना सांगून ठेवलंय की तिथं पासवर्ड टाकू नका, रद्द करा आणि मिनिटभरानं परत जोडा. डोंगल पुढच्या बाजूला लावून बघितला, थोडा फरक पडला. कपाट हलवायला चार माणसं लागतात. येत्या रविवारी बोलावलीत.